मॅमोग्राफीत दिसणारे रूळ

मॅमोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक बायका थेट शेवटच्या ओळीवर जातात. तिथे 'बाय-रॅड्स २' (मॅमोग्राफीचे निष्कर्ष गटांत मांडण्याच्या अमेरिकी पद्धतीतला 'सौम्य' गट) असं लिहिलेलं असतं, डॉक्टर म्हणतात, "काकू, काळजीचं काही नाही," आणि फाइल पिशवीत जाते. वरच्या मजकुरात कुठेतरी 'व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन' (रक्तवाहिनीत साठलेलं कॅल्शियम) असे दोन शब्द असतात. ते कुणी वाचत नाही. कित्येकदा तर ते लिहिलेलेही नसतात. रेडिओलॉजिस्टने पाहिलेलं असतं, पण नोंद करण्याजोगं त्याला वाटलेलं नसतं. या दोन शब्दांचा मधुमेहाशी आणि धमन्यांच्या तब्येतीशी संबंध जोडला जातो; तो कितपत खरा आहे, ते इथे पाहू.

यात त्याची चूक म्हणता येणार नाही. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा कमी शक्तीचा एक्स-रे, आणि तो काढायचा कॅन्सर शोधायला. अंधाऱ्या खोलीत मोठ्या मॉनिटरवर चित्र फुगवून तो कोपरा न् कोपरा तपासत असतो. कॅल्शियम एक्स-रेवर पांढरंशुभ्र उमटतं. त्याला हवे असतात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, वेडेवाकडे, एका जागी गोळा झालेले पांढरे कण, कारण दुधाच्या नलिकेतला अगदी सुरुवातीचा कॅन्सर तसा दिसू शकतो. ते शोधताना त्याला मधेच दुसरंच काही दिसतं: दोन बारीक समांतर रेषा, मधे काळी फट, नागमोडी जाणाऱ्या आणि पुढे फांद्या फुटलेल्या. ट्रामच्या रुळांची जोडी असावी तशा. रेडिओलॉजीच्या भाषेतही त्यांना 'ट्रॅम-ट्रॅक'च म्हणतात. हे स्तनातल्या धमनीचे दोन काठ असतात आणि त्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं असतं. रूळ ओळखू आले की कॅन्सरचा प्रश्न मिटतो, आणि 'सौम्य' हा शेरा कॅन्सरच्या हिशेबात अगदी बरोबर असतो. फसगत होते ती सुरुवातीच्या काळात, जेव्हा एकाच काठावर तुटक कॅल्शियम असतं आणि एकच रूळ दिसतो. तो नलिकेतल्या संशयास्पद कणांसारखा भासतो, आणि मग त्या जागेचा आणखी मोठा करून एक्स-रे काढावा लागतो.

मग या रेषांचा आणि मधुमेहाचा संबंध कुठून आला? १९८० साली 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात एक छोटा लेख आला. स्तनातल्या धमन्यांमधलं कॅल्शियम मधुमेही स्त्रियांमध्ये जास्त आढळतं, असं त्यात म्हटलं होतं. कल्पना आकर्षक होती. कॅन्सरसाठी काढलेल्या एक्स-रेवरून, एक पैसाही जादा न घालता, न कळलेला मधुमेह पकडता आला तर कुणाला नको आहे? पण पाचच वर्षांनी त्याच नियतकालिकात एडवर्ड सिकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याचा लेख आला. सिकल्स हे सॅन फ्रान्सिस्कोमधलं मॅमोग्राफीतलं मोठं नाव. संबंध आहे, पण दवाखान्यात उपयोगी पडावा इतका बळकट नाही, हा निष्कर्ष त्यांनी लेखाच्या शीर्षकातच घातला होता.

यातला खरा तिढा वयाचा होता. साठीतल्या बाईच्या धमन्यांत कॅल्शियम असण्याची शक्यता पंचेचाळिशीतल्या बाईपेक्षा कितीतरी जास्त, आणि मधुमेह असण्याचीही जास्त. दोन गोष्टी वयाबरोबर वाढत असल्या की त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत असं वाटायला लागतं. सारख्या वयाच्या स्त्रियांची आपसात तुलना केली तरच खरं नातं उरतं का ते कळतं.

ते उरतं. २०१५ साली तोवरचे बरेचसे अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. स्क्रीनिंगला (तक्रार नसताना कॅन्सर शोधण्यासाठीच्या तपासणीला) आलेल्या स्त्रियांपैकी सरासरी १२.७ टक्के जणींमध्ये हे रूळ दिसले होते. वयाची दर दहा वर्षं उलटली की रूळ असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांचं गुणोत्तर सुमारे तिप्पट होत होतं. मधुमेह असेल तर ते १.८८ पट भरलं, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

'दुप्पट' हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात फार भारी दिसतो. प्रत्यक्षात त्याचं काय होतं ते कागदावर मांडून पाहू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या १००० स्त्रिया घ्या. त्यांतल्या १५० जणींना मधुमेह आहे, ८५० जणींना नाही. मधुमेह नसलेल्यांपैकी १२ टक्के, म्हणजे १०२ जणींमध्ये रूळ दिसले. वरचा संबंध लावला तर मधुमेह असलेल्यांमध्ये हे प्रमाण साधारण २० टक्के येतं, म्हणजे ३० जणी. एकूण १३२ जणींच्या चित्रात रूळ, त्यांतल्या ३० मधुमेही. रूळ दिसलेल्या बाईला मधुमेह असण्याची शक्यता १५ टक्क्यांवरून जेमतेम २३ टक्क्यांवर गेली. उलट बाजू आणखी वाईट आहे: १५० मधुमेही स्त्रियांपैकी १२० जणींचं चित्र स्वच्छ आलं. त्यांना कुणी 'रूळ नाहीत, म्हणजे साखर नाही' असं सांगितलं असतं तर अनर्थच.

म्हणजे सिकल्स यांचं म्हणणं आजही टिकून आहे, निदानापुरतं. मधुमेह आहे की नाही हे कळायला मॅमोग्राफी हे अत्यंत महागडं आणि आडवळणाचं साधन आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब) ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त, ही साधी रक्ततपासणी ते काम सरळ करते. त्याही आधीची पायरी तर घरात शिवणाच्या टेपने होते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी तयार केलेला मधुमेहाच्या जोखमीचा गुणांक चार गोष्टींवर चालतो: वय, कमरेचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांचा मधुमेह. समजा बाई ५२ वर्षांच्या आहेत (३० गुण), कंबर ८४ सेंटिमीटर (१०), आईला मधुमेह होता (१०), बैठं काम आणि व्यायाम नाही (३०). झाले ८०. ६० किंवा त्याहून जास्त झाले की जोखीम मोठी मानतात. या बाईंनी रक्त तपासून घ्यावं हे सांगायला एक्स-रेची गरज नाही.

तरीही मला हा विषय सोडून द्यावासा वाटत नाही, कारण त्या रेषा साखरेपेक्षा धमन्यांबद्दल जास्त सांगतात. त्यासाठी धमनीची भिंत जवळून पाहायला हवी.

या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यांत आत पातळ अस्तर, मधे स्नायुपेशी आणि लवचिक तंतूंचा जाड थर, बाहेर वेष्टन. हृदयविकाराबद्दल आपण नेहमी ऐकतो ती चरबीची पुटं आतल्या अस्तरात तयार होतात आणि रक्ताची वाट अरुंद करतात. स्तनातल्या धमन्यांचं कॅल्शियम बहुतांशी मधल्या थरात असतं. वाट बराच काळ मोकळीच राहते, फक्त भिंत ताठ होते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान म्योंकेबर्ग यांनी १९०३ साली मधल्या थरातल्या या विकाराचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. पुढे बरीच दशकं तो म्हातारपणाचा निरुपद्रवी भाग समजला गेला. वाट बंद होत नाही, तर बिघडतंय काय, असा तो विचार.

मधुमेहात हा मधला थर का बिघडतो? रक्तात कॅल्शियम वाढलेलं असतं म्हणून हे होत नाही. मधुमेही माणसाचं रक्तातलं कॅल्शियम बहुधा नॉर्मलच असतं. बिघाड होतो तो त्या थरातल्या पेशींमध्ये. साखर सतत चढलेली राहिली की स्नायुपेशी आपला मूळ धंदा सोडायला लागतात. हाडं बांधणाऱ्या पेशींमध्ये चालू असणारी जनुकं त्यांच्यात चालू होतात, रन्क्स-२ हे त्यांतलं मुख्य. मग त्या पेशी हाडांतलंच खनिज, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, भोवताली जमवू लागतात. निरोगी धमनीत याला अडवणारं एक प्रथिन असतं आणि त्याला कामाला लागण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. म्हणूनच वॉरफरिन ही व्हिटॅमिन केचं काम रोखणारी रक्त पातळ ठेवायची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांमध्येही स्तनातल्या धमन्यांचं कॅल्शियम जास्त आढळलं आहे. (म्हणून ती गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. ती ज्यासाठी दिलेली असते ते कारण याहून फार मोठं असतं.)

याच्या जोडीला साखरेचं चिकटणं आहे. एचबीए१सी तपासणीत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवसांत बदलते, त्यामुळे तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचाच हिशेब देतो. तशीच साखर धमनीच्या मधल्या थरातल्या इलॅस्टिनलाही चिकटते, आणि इलॅस्टिन मात्र कित्येक दशकं तेच राहतं. एकदा तयार झालं की शरीर ते क्वचितच नव्याने घडवतं. तीस वर्षांत चिकटलेली साखर तिथून निघत नाही, तंतू ठिसूळ होतात, आणि कॅल्शियमचे स्फटिक नेमके त्या जखमी तंतूंवर बसायला सुरुवात होते. मूत्रपिंडं थकली असतील तर रक्तात फॉस्फेट वाढतं आणि हे काम आणखी वेगाने चालतं. मधुमेह आणि किडनीचा विकार दोन्ही असलेल्या रुग्णाच्या एक्स-रेवर पायाच्या धमन्या रंगद्रव्य न टोचताही रेखाटल्यासारख्या दिसतात, त्या यामुळे.

पायावरून आठवलं, ही ताठरता हाताला कशी लागते ते मधुमेही पायाच्या ओपीडीत पाहायला मिळतं. पायाचं रक्ताभिसरण तपासायला घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. नॉर्मल माणसात ते १ च्या आसपास येतं. वाट अरुंद असेल तर ०.९ च्या खाली जातं. मधला थर कॅल्शियमने ताठ झालेल्या पायावर मात्र पट्टा कितीही फुगवला तरी डॉपलरचा (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) फस्-फस् आवाज बंदच होत नाही, कारण धमनी दाबलीच जात नाही. गुणोत्तर १.४ च्या वर जातं. कागदावर रक्तपुरवठा झकास, आणि अंगठ्यावरची जखम भरत नाहीये. अशा वेळी जाणकार डॉक्टर घोट्याचा आकडा बाजूला ठेवून अंगठ्याचं प्रेशर मोजतात, कारण बोटांच्या बारीक धमन्या सहसा या कॅल्शियममधून सुटलेल्या असतात. निरुपद्रवी समजली गेलेली ताठरता इथे सरळ माणसाच्या पायाशी येते.

स्तनाला झटका येत नाही. पण स्तनातली धमनी ताठ झाली असेल तर शरीरातल्या इतर धमन्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा पाठपुरावा सर्वांत आधी ज्यांनी चिकाटीने केला त्यांत नेदरलँड्समधले लोक होते. उट्रेख्त शहरात कॅन्सर स्क्रीनिंगसाठी आलेल्या ५० ते ६८ वयाच्या १२,२३९ स्त्रियांच्या फिल्म त्यांनी वाचल्या. सुमारे ९ टक्के जणींमध्ये रूळ होते. मग १६ ते १९ वर्षं वाट पाहिली. रूळ असलेल्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले मृत्यू जास्त निघाले, आणि मधुमेही स्त्रियांमध्ये ही तफावत आणखी ठळक होती.

अलीकडचे आकडे अमेरिकेचे आहेत. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या, ६० ते ७९ वयाच्या आणि हृदयविकार नसलेल्या ५,०५९ स्त्रियांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २६ टक्के जणींमध्ये रूळ होते. साडेसहा वर्षांच्या सुमारास पाहिलं तर हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात अशा घटनांची जोखीम त्यांच्यात ५१ टक्के जास्त होती. वय, मधुमेह, ब्लडप्रेशर वगैरे हिशेबात धरूनही. २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या १८,०९२ स्त्रियांची मॅमोग्राफी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतली. २३ टक्के जणींमध्ये कॅल्शियम सापडलं, आणि त्यांच्यातली मृत्यूची जोखीम पुन्हा दीडपटीच्या आसपास.

९ टक्के, १२.७ टक्के, २३, २६. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे तुमच्याही लक्षात आलं असेल. वयोगट वेगळे, देश वेगळे, आणि जुनी फिल्म व आजची डिजिटल मॅमोग्राफी यांत बारीक कण दिसण्याची ताकद वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या जुन्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात तर हे प्रमाण फक्त ३ टक्के होतं. वाचणाऱ्याने तेव्हा मुद्दाम शोधलं नसेल तर नोंद तरी कुठून येणार?

या संशोधनातल्या खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात, कारण उत्साही लेखांतून त्या गाळल्या जातात. २०१५ च्या आढाव्यात उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल यांचा रूळांशी ठाम संबंध दिसला नाही. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये रूळ उलट कमी आढळले. मुलं झालेल्या स्त्रियांमध्ये ते बरेच जास्त होते. म्हणजे हे कॅल्शियम हृदयाच्या धमन्यांमधल्या पुटांची हुबेहूब नक्कल नव्हे; तो वेगळा विकार आहे, थोडाफार त्याच वाटेने जाणारा. कैसर पर्मनंटेच्या अभ्यासातही कॅल्शियम जितकं जास्त तितकी जोखीम जास्त, अशी पायरीपायरीने चढण दिसली नव्हती. आहे की नाही, एवढंच महत्त्वाचं ठरलं होतं. मुलं होणं ही आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रियांची गोष्ट आहे, त्यामुळे परदेशी आकडे उचलून इथे लावताना हात थोडा आखडताच ठेवलेला बरा.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. अमेरिका-युरोपातला हा सगळा विचार 'मॅमोग्राफी होतेच आहे, तर तिच्यातून हेही पाहू' या पायावर उभा आहे. भारतात तो पायाच नाही. सरकारी कार्यक्रमात ३० च्या पुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने करायची असते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी तेवढी तपासणीसुद्धा कधीतरी झालेली १०० मध्ये एकही भरली नाही. मॅमोग्राफी होते ती गाठ लागल्यावर, किंवा वाढदिवसाला मुलांनी आईला भेट दिलेल्या हेल्थ चेकअप पॅकेजमधून. मधुमेह मात्र दारोदार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यासाने भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा होतं: २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त. अशा ठिकाणी ज्या मोजक्या स्त्रियांची मॅमोग्राफी होते, निदान त्यांच्या चित्रातली माहिती तरी वाया जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

नोंद करावी की नाही, यावर जगभर एकमत नाही. कॅनडातल्या स्तन-रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०२३ मध्ये हे कॅल्शियम रिपोर्टात लिहावं अशी भूमिका घेतली. अमेरिकी बाय-रॅड्स पद्धतीत ते 'सौम्य' गटातच मोडतं आणि लिहायची सक्ती नाही. न लिहिण्याच्या बाजूचा युक्तिवादही पोकळ नाही: कॅन्सर नाही हे ऐकून सुटकेचा श्वास सोडलेल्या बाईला दुसऱ्याच दिवशी हृदयाच्या तपासण्यांच्या चक्रात ढकलायचं, आणि शेवटी अँजिओग्राफीचं बिल हातात द्यायचं, हे आपल्याकडे सहज घडू शकतं. पण त्यावरचा उपाय नीट लिहिणं आणि नीट समजावणं हा आहे. न सांगणं हा उपाय कसा होईल?

तर रिपोर्टात हे शब्द दिसले, किंवा विचारल्यावर डॉक्टर "हो, आहे थोडं" म्हणाले, तर काय करायचं? मॅमोग्राफी पुन्हा काढायची गरज नाही. हे कॅल्शियम विरघळवणारं औषध नाही. कुणी तसं विकत असेल तर पैसे वाचवा. नेहमीच्या डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन जावं आणि वर्षानुवर्षं न मोजलेल्या गोष्टी मोजून घ्याव्यात: ब्लडप्रेशर, साखर आणि एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी). मधुमेह आधीपासून असेल तर क्रिएटिनिनबरोबर लघवीतली प्रथिनं आणि पायांची तपासणीसुद्धा. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची का, हे या सगळ्यांचा एकत्र विचार करून ठरतं, एकट्या रूळांवरून ठरत नाही. चाळिशीत रूळ दिसले असतील तर ही तपासणी पुढे ढकलू नये, कारण त्या वयात ते तसे विरळ असतात आणि मागे किडनीचा किंवा साखरेचा न कळलेला विकार असू शकतो. आणि रूळ दिसले नाहीत, तर त्याला क्लीन चिट समजू नये. वरच्या हिशेबातल्या त्या १२० जणी याच गटातल्या.

एक प्रश्न प्रत्येक बाई विचारते: "मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?" स्तनात दिसणारं कॅल्शियम खाण्यातल्या कॅल्शियममुळे येत नाही. दूध, नाचणी, तीळ यांचा त्याच्याशी संबंध नाही. पाळी गेल्यानंतर हाडांसाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती चालू ठेवावी. किडनीचा विकार असेल तर मात्र गोळी किती आणि कोणती, हे किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.